वर्डप्रेस डिरेक्टरीत प्लगइन दाखल करताना: पात्रता, तयारी आणि नावाची भानगड

वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरला जादा सुविधा जोडणारा कोड म्हणजे प्लगइन. वर्डप्रेस.ऑर्गच्या डिरेक्टरीत, म्हणजे अधिकृत यादीत, ते दाखल करायला शुल्क नाही. कंपनीची नोंदणी लागत नाही, पदवी कोणी विचारत नाही. घरी बसून लिहिणारा विद्यार्थी आणि मोठी कंपनी, दोघांसाठी नियम तेच. मात्र डिरेक्टरीतलं प्लगइन कुणाच्याही साइटवर एका क्लिकवर बसतं आणि पुढची अपडेट्सही तिथूनच जातात, त्यामुळे दारावर तपासणी होते. एकूण 18 नियम आहेत. अर्ज भरण्याआधी ते एकदा सावकाश वाचावेत. नंतर ईमेलमधून समजावून घेण्यापेक्षा ते बरं.

पात्रता माणसाची नाही, कोडची बघतात. वर्डप्रेस 2003 पासून जीपीएल परवान्याखाली आहे (कोड कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा असा मुक्त परवाना), त्यामुळे प्लगइनचा परवानाही जीपीएलशी सुसंगत हवा. 'जीपीएल आवृत्ती 2 किंवा पुढची' असं लिहिणं सगळ्यात सोपं. ही अट आतल्या चित्रांना, फॉन्टना आणि दुसऱ्यांच्या लायब्ररींनाही (तयार कोडच्या संचांना) लागू आहे. कोड माणसाला वाचता आला पाहिजे, मुद्दाम गुंतागुंत करून लपवलेला चालत नाही. जेक्वेरीसारख्या ज्या लायब्ररी वर्डप्रेससोबत येतातच, त्या स्वतःच्या झिपमध्ये पुन्हा कोंबू नयेत. वापरणाऱ्याच्या संमतीशिवाय माहिती बाहेर पाठवायची नाही.

पैशांबाबत बराच गैरसमज आहे. प्लगइनमधून कमाई करायला बंदी नाही. तुमच्या सर्व्हरवर खरंच काही काम होत असेल, समजा एसएमएस जात असतील, तर त्या सेवेचे पैसे घ्या. पण डिरेक्टरीत ठेवलेला कोड पंधरा दिवसांनी बंद पडतो आणि किल्ली विकत घेतल्यावर उघडतो, हे चालणार नाही.

अर्जासोबत काय लागतं? वर्डप्रेस.ऑर्गचं खातं आणि त्यावर चालू ईमेल, ज्यावरून आपोआप उत्तरं जात नाहीत असा. खात्याला टू-फॅक्टर सुरक्षा, म्हणजे पासवर्डसोबत दुसरी पडताळणी. जून 2024 मध्ये इतरत्र फुटलेले पासवर्ड वापरून काही लेखकांच्या खात्यांत शिरकाव झाला आणि त्यांच्या प्लगइनमध्ये घातक कोड घुसवला गेला. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून प्लगइन लेखकांना टू-फॅक्टर सक्तीचं झालं. मग 10 एमबीच्या आतली झिप फाइल आणि तिच्यात प्लगइनची माहिती देणारी रीडमी फाइल: किमान कोणती वर्डप्रेस आवृत्ती लागते, कुठल्या आवृत्तीपर्यंत चाचणी झाली, स्थिर आवृत्तीचा क्रमांक, परवाना, जास्तीत जास्त 5 टॅग (शोधशब्द) आणि 150 अक्षरांत बसणारं छोटं वर्णन. कंपनीच्या नावाने देत असाल तर खात्याचा ईमेलही कंपनीच्या डोमेनवरचा ठेवा, नाहीतर तुम्ही खरंच तिथलेच आहात का, हा प्रश्न येतोच.

आता नाव. माझ्या मते अख्ख्या अर्जात सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. मुख्य फाइलच्या डोक्यावर जे नाव लिहिता, त्यावरून प्लगइनचा पत्ता, म्हणजे स्लग, तयार होतो. झिपचं नाव काहीही असो. तपासणी सुरू होण्याआधी स्लग एकदा बदलता येतो. मंजुरी मिळाली की तो कायमचा. दिसणारं नाव पुढे बदला, पत्ता तोच राहतो. दुसऱ्याच्या ब्रँडने नावाची सुरुवात करू नका: वूकॉमर्स हे ऑनलाइन दुकानाचं प्लगइन, म्हणून 'वूकॉमर्स डिलिव्हरी' अडेल, आधी स्वतःचं वेगळं नाव आणि शेवटी 'फॉर वूकॉमर्स' अशी रचना चालते. 'वर्डप्रेस' हा शब्द टाळा, 'डब्ल्यूपी' चालतं. नुसतं नाव अडवायला अर्धवट प्लगइन पाठवलंत तर परत येईल.

आणि आपल्यासाठी खास: मुख्य फाइलमधलं नाव देवनागरीत असेल तर अपलोडच नाकारलं जातं, कारण स्लग रोमन अक्षरांतून बनतो. नाव रोमनमध्ये द्या, मराठी रूप भाषांतरातून आणा. त्यासाठी टेक्स्ट डोमेन (भाषांतरासाठी प्लगइन ओळखणारं नाव) स्लगशी तंतोतंत जुळवा. मंजुरीनंतर वर्डप्रेसच्या भाषांतर व्यवस्थेत मराठी वाक्यं भरता येतात आणि ती संपादकाने मंजूर केली की मराठी साइटवर आपोआप पोचतात. स्वतःच्या प्लगइनसाठी भाषांतर संपादकाचा अधिकारही मागता येतो.

झिप चढवण्याआधी 'प्लगइन चेक' हे साधन स्वतःच चालवून बघा, कारण अपलोड करताना तीच चाचणी होते. नंतर तपासणीची रांग. नव्या लेखकाचा एका वेळी एकच अर्ज रांगेत राहतो. पहिल्या फेरीत पास होणारे थोडेच, त्यामुळे लांबलचक ईमेल आला तर घाबरू नका. आक्षेप बहुधा ठरलेले: बाहेरून आलेली माहिती गाळून न घेणं, छापताना एस्केप न करणं (घातक ठरू शकणारी चिन्हं निष्प्रभ न करणं), नॉन्स (विनंती खरी आहे का हे तपासणारं टोकन) नसणं, फंक्शनांच्या नावांना आखूड किंवा सर्वसाधारण उपसर्ग, ज्यामुळे ती दुसऱ्या प्लगइनच्या नावांशी आदळतात. सगळं दुरुस्त करून त्याच ईमेल साखळीत उत्तर द्या. तीन महिने गप्प बसलात तर अर्ज नाकारला जातो.

मंजुरी म्हणजे प्लगइन दिसू लागलं असं नाही. तुम्हाला एसव्हीएनमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या साठवणाऱ्या व्यवस्थेत, जागा मिळते. चालू कोड ट्रंक या फोल्डरमध्ये, प्रत्येक आवृत्ती टॅग्जमध्ये, चित्रं असेट्समध्ये (बॅनर 772 बाय 250, आयकॉन 128 किंवा 256 चौरस). गिट या दुसऱ्या तशाच व्यवस्थेची सवय असलेले इथे ठेचकाळतात: दर किरकोळ बदलाला कमिट (बदल साठवणं) करू नका, हा साठा प्रकाशनासाठी आहे. आवृत्ती क्रमांक वाढवला नाही तर कुणालाही अपडेट मिळत नाही.

कोड तुमचा, पण डिरेक्टरीतली जागा वर्डप्रेस.ऑर्गची. अठरावा नियम वर्डप्रेस प्रकल्पाला प्लगइन बंद करण्याचा आणि त्यात बदल करण्याचाही अधिकार देतो. ऑक्टोबर 2024 मध्ये डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीशी वाद चालू असताना याच नियमाचा आधार घेऊन तिच्या 'अॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स' या प्लगइनच्या जागेवर 'सिक्युअर कस्टम फील्ड्स' आणलं गेलं. डिसेंबरमध्ये न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर कंपनीला जागा परत मिळाली. नवख्यावर असली वेळ येण्याची शक्यता फार कमी. तुमच्याकडे सुरक्षेतली त्रुटी कळवणारा ईमेल येणं जास्त संभवतं, आणि त्याकडे दुर्लक्ष केलं तर प्लगइन बंद होतं.

वर्डप्रेसच्या शेवटच्या तीन मोठ्या आवृत्त्यांवर चाचणी नोंदवलेली नसेल तर तुमच्या पानावर इशारा झळकतो, म्हणून रीडमीतला तो आकडा वेळोवेळी बदला. सांभाळणं जमेनासं झालं तर प्लगइन बंद करायला सांगता येतं, किंवा विश्वासातल्या दुसऱ्या लेखकाच्या नावावर करून देता येतं.