व्हर्मॉंटच्या छोट्या गावात मत द्यायचंय? नाव कसं घालायचं, कागद कुठले, आणि मार्चची सभा का चुकवू नये

नोव्हेंबरचं मतदान सगळ्यांना माहिती असतं. पण अमेरिकेतल्या व्हर्मॉंट राज्यात हजार-दीड हजार वस्तीच्या गावात राहत असाल तर तुमच्या दारासमोरचा रस्ता, बर्फ काढायचा ट्रक, प्रॉपर्टी टॅक्सचा गावाचा वाटा हे सगळं ठरतं मार्चच्या पहिल्या मंगळवारी, टाउन मीटिंगला, म्हणजे मतदारांच्या गावसभेत, आणि आपले नव्याने सिटिझन झालेले लोक नेमके तिथेच दिसत नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी पात्रता. अमेरिकन नागरिक हवं, मतदानाच्या दिवशी १८ पूर्ण हवीत, त्याच गावात खरोखर राहायला हवं. नुसतं घर असून चालत नाही बरं का, स्कीइंगसाठी घर घेऊन ठेवलेले न्यूयॉर्क-बोस्टनवाले टॅक्स भरतात पण मत देऊ शकत नाहीत, सभेत बोलायचं तरी सभेची परवानगी लागते. चौथी गोष्ट फक्त इथलीच, व्होटर्स ओथ. जुनं नाव फ्रीमन्स ओथ. मत देताना कुणाची भीती नाही, कुणाची मर्जी नाही, राज्याचं भलं ज्यात आहे असं माझं मन सांगेल तेच करीन, अशा अर्थाची शपथ आहे. कुणासमोर हात वर करून उभं राहायची गरज नाही, फॉर्म भरताना स्वतःच घ्यायची. मला तरी वाचताना छान वाटली.

ग्रीन कार्ड किंवा व्हिसावर असाल तर इथे थांबा, गंमत म्हणूनही फॉर्मवर सही करू नका. डीएमव्हीत लायसन्सचं काम करताना नाव मतदार नोंदणीसाठी पुढे जाऊ शकतं, तिथे स्पष्ट नाही म्हणायचं, नाहीतर पुढे सिटिझनशिपच्या अर्जात हेच प्रकरण अंगाशी येतं. माँटपीलियर आणि विनूस्की या दोन शहरांत २०२१ पासून नागरिक नसलेल्या कायदेशीर रहिवाशांना मत देता येतं, नंतर बर्लिंग्टननेही ते केलं, पण ते फक्त शहराच्या मतदानापुरतं.

नाव घालायचं कसं? राज्याच्या 'माय व्होटर पेज' या साइटवर ऑनलाइन, किंवा सरळ टाउन क्लार्ककडे, म्हणजे गावाची कागदपत्रं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे. छोट्या गावात क्लार्कचं ऑफिस आठवड्यातले थोडेच दिवस उघडं असतं तेव्हा आधी फोन करून जा. लायसन्सचा नंबर द्यायचा, नसेल तर सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे. पहिल्यांदाच आणि पोस्टाने नोंदणी करत असाल तर फोटो आयडीची कॉपी किंवा नाव-पत्ता असलेलं लाइटबिल, बँक स्टेटमेंट असं काहीतरी जोडा. इथे मतदार यादीला चेकलिस्ट म्हणतात, त्यात नाव असलं की झालं. विसरलात तरी हरकत नाही, २०१७ पासून मतदानाच्या दिवशीही नोंदणी होते. पक्ष कुठला हे नोंदणीत विचारतच नाहीत.

आता खरी गोम. नोव्हेंबरची मतपत्रिका यादीत नाव चालू असलेल्या प्रत्येक मतदाराला घरी पोस्टाने येते, त्यामुळे मार्चमधेही येईल असं धरून लोक बसून राहतात. बऱ्याच गावांत बजेट अजून सभेतच ठरतं, 'आय' (म्हणजे हो) म्हणा नाहीतर 'नो' म्हणा, घरून मत वगैरे नाही. सात जणांनी मागणी केली तर चिठ्ठीवर मतदान घ्यावं लागतं. काही गावं ऑस्ट्रेलियन बॅलट, म्हणजे गुप्त छापील मतपत्रिका वापरतात, तिथे ॲब्सेंटी, म्हणजे घरून भरून द्यायची मतपत्रिका, मागवता येते. तुमच्या गावाचं काय ते वॉर्निंगमधे कळेल, म्हणजे विषयपत्रिका, ती सभेच्या किमान ३० दिवस आधी लावावी लागते. नुसतं वाचून सोडू नका, ५ टक्के मतदारांच्या सह्या आणल्या तर तुमचा विषयही त्यात घालता येतो, पण तो अर्ज ४७ दिवस आधी द्यावा लागतो, म्हणजे जानेवारीतच धावपळ. नोकरीवरून सुट्टी हवी तर सात दिवस आधी सांगा, बिनपगारी का होईना पण तो हक्क कायद्याने आहे, कामच अगदी अडत असेल तर गोष्ट वेगळी.

मतं कशी पडतात याचं इथे भारी कोडं आहे. १८५६ ते १९६० हे राज्य प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन, १९३६ मधे डेमोक्रॅट रूझवेल्टच्या लाटेतही फक्त मेन आणि हे अशी दोनच राज्यं रिपब्लिकन राहिली, आणि १९९२ पासून मात्र सलग डेमोक्रॅट. पण त्याच मतपत्रिकेवर २०१६ पासून गव्हर्नर म्हणून रिपब्लिकन फिल स्कॉटला निवडून देतात, आणि वर ईशान्येला एसेक्स काउंटी ट्रंपच्या बाजूने. मार्चच्या सभेत यातलं काही कामाला येत नाही, तिथे भांडण नवा ग्रेडर (रस्ते सपाट करायचं यंत्र) घ्यायचा की जुना दुरुस्त करायचा यावर. २०२४ च्या मार्चमधे टॅक्स वाढणार म्हटल्यावर राज्यातली जवळजवळ एक तृतीयांश शाळांची बजेटं लोकांनी पाडली, तीही सगळ्या रंगाच्या गावांनी. आणि एका मताने काय होतं म्हणणाऱ्यांसाठी, बर्नी सँडर्स १९८१ मधे बर्लिंग्टनचे मेयर झाले ते दहा मतांनी.

राहिलं एक. अमेरिकन नागरिकत्व घेतलं की भारतातलं मत संपतं, ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) असलं तरी. गावाकडच्या यादीत नाव तसंच असेल तर फॉर्म ७ भरून काढून घ्या.