कुंडीच्या तळाला खडी घातली म्हणून आयरिस कुजायचा थांबत नाही

रत्नागिरीपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत कुणालाही विचारा, कुंडी भरताना तळाला कौलाचे तुकडे नाहीतर जांभ्याची खडी घाला म्हणजे पाणी निथळतं, हेच सांगतील. आयरिस (कंदापासून वाढणारं फुलझाड) लावणारे तर हमखास सांगतात, कारण त्याचा कंद ओलाव्यात पटकन सडतो. पण मंडळी, होतं उलटंच.

बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही, माती पूर्ण भिजून जड होईपर्यंत ते वरच अडकून राहतं. म्हणजे मातीच्या तळाशी एरवीही चिखलाचा थर राहतोच, चार बोटं खडी घातली की तो चार बोटं वर सरकतो, थेट मुळांपाशी! घरी करून बघा, भिजलेला स्पंज आडवा धरा, गळायचा थांबला की उभा करा, अजून पाणी गळेल. उंची वाढली की जास्त पाणी निथळतं, म्हणून कुंडी उंच घ्या आणि खडी घालायचीच तर सगळ्या मातीत मिसळा (समुद्राची रेती नको, मीठ असतं त्यात). भोकावर एखादी खापरी चालेल.

आणि दाढीवाल्या (पाकळीवर केसांचा झुपका असलेल्या) आयरिसला फुलायला कडक थंडी लागते, ती इथे कुठली, त्यात 3000 मिमीच्या वर पाऊस. त्यापेक्षा वॉकिंग आयरिस लावा, फूल एकच दिवस टिकतं पण दांडा वाकून टोकाचं रोप मातीला टेकलं की तिथेच रुजतं. लुईझियाना आयरिस तर दलदलीतलाच, त्याची कुंडी पागोळ्यांखाली राहिली तरी चालेल.