पानाला सूट, फुलाला बेडी

लालबागच्या आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू एका रात्री जेवणं आटोपल्यावर पदराखाली काहीतरी झाकून घेऊन आल्या. आधी दार लोटून घेतलं, मग ओट्यावर बाटली ठेवली. तपकिरी काच, ड्रॉपरचं झाकण, ३० मिली. लेबलावर ‘विजया पत्र अर्क, १००० मिग्रॅ’ आणि खाली वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना.

“विजया म्हणजे भांग ना रे? म्हणजे गांजाच की. घरात सापडलं तर ह्यांना पोलीस नेतील का?”

काकांना केमोपासून तळपायांत मुंग्या येतात आणि रात्री आग होते. वरळीतल्या एका वैद्यांनी त्यासाठी हे लिहून दिलं होतं. मी चिठ्ठी मागितली. ती होती, दुकानाचं बिलही होतं. मग नाही नेणार, म्हटलं. पण असं का, हे सांगायला लागलो तेव्हा कळलं, उत्तर वाटतं तितकं सोपं नाही.

अमली पदार्थांसाठीच्या १९८५च्या एनडीपीएस कायद्यात गांजाची व्याख्या वनस्पतीच्या अवयवावर केलेली आहे. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारी शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया गांजात मोडत नाहीत. झाडापासून वेगळी काढलेली राळ म्हणजे चरस. १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारातही पानं-बियांना अशीच सूट आहे. होळीला आणि महाशिवरात्रीला ठिकठिकाणी घोटली जाणारी भांग या फटीतून सुटली. महाराष्ट्रात मात्र ती पूर्ण मोकळी नाही. १९४९चा दारूबंदी कायदा इथे लागू आहे आणि भांगेला परवाना लागतो.

औषधाचा रस्ता आणखी वेगळा. भांगेचं नाव औषध नियमांच्या ‘ई-१’ परिशिष्टात, म्हणजे आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. अशा द्रव्याचं औषध परवानाधारक कारखान्यात बनतं आणि लेबलावर इशारा छापावाच लागतो. काकूंची बाटली या दारातून आली. काही देशांत रुग्णाला गांजासाठी ओळखपत्र मिळतं, तसलं आपल्याकडे काही नाही. दुखणं कितीही खरं असलं तरी गल्लीतून घेतलेली गांजाची पुडी गुन्हाच ठरते. एक किलोपर्यंत ‘अल्प प्रमाण’ मानलं जातं, पण त्यालाही वर्षभरापर्यंतचा तुरुंगवास आहे.

गंमत म्हणजे ‘औषधी गांजा’ हा शब्द याच कायद्यात पहिल्या दिवसापासून आहे. गांजा-चरसाचा कुठलाही अर्क किंवा टिंक्चर म्हणजे औषधी गांजा, आणि तो अफूपासून काढलेल्या द्रव्यांच्या पंगतीला बसवलाय. फुलाचा अर्क तिकडे गेला, पानाचा वैद्यांकडे राहिला.

झाडाला मात्र ही वाटणी ठाऊक नाही. टीएचसी हा नशा आणणारा रेणू आणि सीबीडी हा त्याचा नशा न आणणारा भाऊ, दोन्ही झाडाच्या अंगावरच्या सूक्ष्म चिकट ग्रंथींत तयार होतात. या ग्रंथी फुलोऱ्यावर दाट असतात, पानावर विरळ. विरळ म्हणजे नसतातच असं नाही. अर्क काढून आटवला की पानातला तोच रेणू घट्ट होतो. तेलाच्या थेंबातलं टीएचसी पानातून आलं की फुलातून, हे कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेला नुसत्या रंगपरीक्षेतून सांगता येणार नाही. आणि चरसाच्या व्याख्येत ‘पानातली राळ वगळून’ असं कुठेही लिहिलेलं नाही. फार तीव्र पर्णार्कावर वकील वाद घालू शकतात. म्हणूनच चिठ्ठी, बिल आणि परवाना क्रमांक असलेलं लेबल बाटलीपासून कधी वेगळं करू नये.

वैद्य भांगेची शुद्धी करतात, त्यातही रसायनशास्त्र दडलंय. पाणी हिरवं यायचं थांबेपर्यंत भांग धुतात, वाळवतात आणि मंद आचेवर गाईच्या तुपात परततात. टीएचसी पाण्यात जवळपास विरघळत नाही, त्यामुळे धुताना रंग आणि कडवटपणा जातो, पण टीएचसी मागे राहतं. ताज्या झाडात ते आम्लरूपात असतं, त्या रूपात नशा नसते. उष्णतेने त्यातून कार्बन डायऑक्साइड निसटला की खरं टीएचसी उरतं, आणि तुपात ते सहज विरघळतं. म्हणजे कढईत जे घडतं त्याला नुसतं शुद्धीकरण म्हणणं मला अपुरं वाटतं.

हा रेणू शरीरात काम करतो, कारण तिथे त्याच्यासाठी जागा आधीच तयार आहे. १९९२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलाम यांच्या जेरुसलेममधल्या प्रयोगशाळेत मेंदूतलाच एक रेणू सापडला. तो टीएचसीच्याच ग्राहीला, म्हणजे पेशीवरच्या त्या जागेला, जाऊन चिकटतो. त्याला नाव दिलं ‘आनंदामाइड’, आपल्या संस्कृत ‘आनंदा’वरून. तो उलट्या दिशेने धावतो. निरोप मिळालेली चेतापेशी तो सोडते आणि निरोप पाठवणारीला म्हणते, बास, जरा हळू. वेदना, मळमळ, झटके या सगळ्यांत कुठेतरी निरोपांचा गोंगाट असतोच.

पण गोंगाट कमी होईल अशी आशा वेगळी आणि पुरावा वेगळा. पक्का पुरावा मोजक्या ठिकाणी आहे: केमोची मळमळ, मल्टिपल स्क्लेरोसिस या चेतासंस्थेच्या आजारातला स्नायूंचा ताठरपणा आणि मुलांमधल्या काही हट्टी अपस्मारांतले झटके. ड्रॅव्हे सिंड्रोम या अशाच एका अपस्माराच्या १२० मुला-तरुणांवर झालेल्या चाचणीत शुद्ध सीबीडी घेणाऱ्यांच्या महिन्याच्या झटक्यांचा मध्यक (ओळीतला मधला आकडा) १२.४ वरून ५.९ वर आला. औषध नसलेलं नुसतं द्रावण घेणाऱ्यांचा १४.९ होता, तो १४.१ वर थांबला. हा निकाल २०१७चा, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने त्या औषधाला मान्यता दिली. जुनाट वेदनेत फायदा दिसतो, पण बेताचाच. कर्करोग बरा होतो म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतं, त्याला माणसांवरचा आधार नाही.

त्या चाचणीचा डोस बघा: दर किलो वजनामागे रोज २० मिलिग्रॅम. पंचवीस किलोच्या मुलाला रोज ५०० मिलिग्रॅम. काकूंच्या बाटलीत शुद्ध सीबीडी असतं तरी ती दोन दिवसांत संपली असती. आणि ते शुद्ध सीबीडी नाहीच. ‘अर्क १००० मिग्रॅ’ यात पानाचा हिरवा रंग, मेण आणि बाकी गाळही मोजलेला असतो. भारतीय भांगेत बहुधा टीएचसीच जास्त. तेव्हा वैद्यांना विचारायचा प्रश्न एकच: एका थेंबात टीएचसी किती, सीबीडी किती? हे आकडे प्रयोगशाळेच्या अहवालात असतात. तो अहवाल द्यायला कंपनी का-कू करत असेल, तर मी ती बाटली परत करीन.

मी काकूंना दोन गोष्टी सांगितल्या. तोंडावाटे घेतलेलं टीएचसी यकृतातून जाताना आणखी जोरदार रूप घेतं आणि चढायला तास-दोन तास लागतात. काही होत नाही म्हणून मध्येच दुसरा डोस घ्यायचा नाही. आणि तूप-तेलाच्या जेवणासोबत सीबीडी चौपट शोषलं जातं, तेव्हा आज उपाशीपोटी आणि उद्या पुरणपोळीवर असं चालणार नाही.

मग सहज विचारलं, काका बाकी काय घेतात? काकूंनी डबा आणला. सोमवार ते रविवार खणाखणांचा, प्लॅस्टिकचा. रक्तदाबाची गोळी, ॲसिडिटीची आणि एक छोटी गुलाबी. हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनपासून चालू असलेली, रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन.

पोलिसांचा प्रश्न मागे पडला. वॉरफरिन यकृतातल्या ज्या विकरांवर (एन्झाइमांवर) तुटतं, त्यांतल्या काहींना सीबीडी आणि टीएचसी अडवतात. ते तुटणं मंदावलं की रक्त जास्त पातळ होतं, आणि दाढी करताना झालेली जखमही थांबता थांबत नाही. वैद्यांना ही गोळी कोणी सांगितलीच नव्हती. ते आयुर्वेदाचं, हे इंग्रजी औषधाचं, असं घरात सरळ दोन कप्प्यांत मांडलेलं.

बाटली फडताळात गेली. सकाळी काकूंनी आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला, मग वैद्यांना. ठरलं असं: आधी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे याची तपासणी, मग रात्री दोन थेंब, आठवड्याने पुन्हा आयएनआर. पहिला आकडा २.६ आला. काकूंनी तो कालनिर्णयावर, एकादशीच्या शेजारच्या चौकोनात लिहून ठेवला.