ईमॅक्समधील क्रॅशचे डीबगिंग

ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर चालता चालता अचानक बंद पडल्यास त्याचे कारण मेमरीतील पुराव्यावरून शोधून काढण्याच्या कामाला ईमॅक्समधील क्रॅशचे डीबगिंग म्हणता येईल. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८४ मध्ये लिहायला घेतलेल्या ग्नू ईमॅक्सचा गाभा सी भाषेत असून त्यावरची बहुतेक रचना ईमॅक्स लिस्पमध्ये आहे. लिस्पमधली चूक सहसा एखाद्या संदेशावर निभावते; क्रॅश मात्र बहुधा सीच्या थरातून येतो. २००९ मधील २३व्या आवृत्तीपासून ईमॅक्स डीमन, म्हणजे पडद्यामागे सतत चालू राहणारा प्रोग्राम, म्हणून चालवता येतो, त्यामुळे एकच प्रोसेस आठवडेच्या आठवडे चालू ठेवणारे पुष्कळ आहेत. इतक्या दिवसांत साचलेली अवस्था पुन्हा जशीच्या तशी उभी करणे जवळजवळ अशक्य असल्याने पहिल्याच क्रॅशचा पुरावा हाती लागणे महत्त्वाचे ठरते.

त्यासाठी कोअर डंप, म्हणजे क्रॅशच्या क्षणी मेमरीत जे होते त्याची फाइलमधील प्रत, मिळेल अशी व्यवस्था आधीच करावी लागते किंवा ईमॅक्स सुरुवातीपासूनच जीडीबी या डीबगरखाली चालवावा लागतो. ईमॅक्सच्या सोर्स कोडसोबत जीडीबीसाठी खास आज्ञांची फाइल येते आणि तिच्यातील ‘एक्सबॅकट्रेस’ ही आज्ञा त्या क्षणी लिस्पची कोणती फंक्शन्स चालू होती ते दाखवते. ऑप्टिमायझेशन (वेगासाठी कंपायलरने कोडमध्ये केलेले फेरबदल) चालू ठेवून बांधलेल्या प्रोग्राममध्ये व्हेरिएबलची किंमत विचारली तर ती उपलब्ध नसल्याचे उत्तर वारंवार येते, म्हणून अशा तपासासाठी ऑप्टिमायझेशन बंद ठेवून ईमॅक्स नव्याने कंपाइल करणे श्रेयस्कर.

सर्वांत चकवा देणारे क्रॅश गार्बेज कलेक्शनच्या, म्हणजे वापरात नसलेली मेमरी मोकळी करण्याच्या, वेळी होतात. वापरातल्या वस्तूंवर खूण करत जाताना कलेक्टर बिघडलेल्या पॉइंटरवर (मेमरीतील पत्त्यावर) अडखळतो आणि बॅकट्रेसमध्ये, म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या फंक्शन्सच्या यादीत, नाव कलेक्टरचेच दिसते. प्रत्यक्षात तो पॉइंटर दुसऱ्याच कोडने कितीतरी आधी बिघडवलेला असू शकतो. अशा वेळी नुसत्या बॅकट्रेसवर विसंबून दोष ठरवणे घाईचे होय. कलेक्टरने शेवटी खूण केलेल्या वस्तूंची नोंद ठेवणारा एक ॲरे ईमॅक्समध्ये आहे, आणि त्यात मागे मागे जात बिघडलेली वस्तू कोणत्या यादीतून वा बफरमधून आली ते ताडता येते. क्रॅश पुन्हा घडवून आणता येत असेल, तर ‘आरआर’ या साधनाने तो रेकॉर्ड करून मेमरीतील बिघडलेल्या जागेवर वॉचपॉइंट (ती जागा बदलताच प्रोग्राम थांबवणारी खूण) लावावा व प्रोग्राम उलट दिशेने चालवावा. मग ती जागा बिघडवणारी ओळच समोर येते.

दोष नेहमी ईमॅक्सचाच असतो असेही नाही. डीमनचे एक्स सर्व्हरशी (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या प्रोग्रामशी) असलेले कनेक्शन अनपेक्षितपणे तुटले, उदाहरणार्थ दूरच्या संगणकाशी जोडणारे नेटवर्क गेले, तर खिडक्या, मेनू वगैरे काढणाऱ्या जीटीके लायब्ररीतील एका जुन्या बगमुळे सगळा डीमन कोसळू शकतो. जीटीकेवर बांधलेला ईमॅक्स डीमन म्हणून सुरू होताना हा इशारा स्वतःच छापतो आणि ल्युसिड या तशाच दुसऱ्या टूलकिटवर बांधलेल्या ईमॅक्सला ही अडचण येत नसल्याचेही सांगतो.