वेखंड लावायचं की कडुनिंब? आधी खड्ड्यात पाणी ओतून बघा

पाऊस तोंडावर आला की आमच्या नर्सरीत ठरलेलं गिऱ्हाईक येतं. "घरामागच्या कोपऱ्यात कायम ओल असते, तिथं सावलीला काहीतरी द्या. कडुनिंबच द्या, औषधी असतो." पूर्वी आम्ही निमूट पिशवी हातात द्यायचो. एका काकूंना तर एकाच जागेसाठी दोन वर्षांत दोन कडुनिंब विकले आणि दोन्ही मेले. तिसऱ्यांदा त्या आल्या तेव्हा जागा बघायला गेलो. न्हाणीघराचं पाणी थेट त्या कोपऱ्यात सुटत होतं, चप्पल रुतत होती. वाळकं रोप उपटलं तर मुळं काळी पडलेली, बोटांत धरून ओढलं की साल मोज्यासारखी निसटून यायची, आणि वर आंबूस वास. रोपात काही खोट नव्हती. जागा चुकली होती, आणि ती न विचारता रोप विकणारे आम्ही चुकलो होतो. आज त्या कोपऱ्यात वेखंड आहे आणि कडुनिंब घराच्या पश्चिमेला.

दोन्ही आपल्या घरातलीच. बाळाच्या अंघोळीला वेखंड, पाडव्याला गुढीवर कडुनिंबाचा डहाळा. धान्याला कीड लागू नये म्हणून डब्यात कुणी याची पानं टाकतं, कुणी त्याचा तुकडा. म्हणूनच लोक दोघांना एका माळेत ओवतात आणि एकाच कोपऱ्यात मागतात. जमिनीच्या बाबतीत मात्र दोघांचं अजिबात जमत नाही.

एका रात्रीची परीक्षा

जिथं लावायचं तिथं हात-दीड हात खोल खड्डा घ्या. काठोकाठ पाणी भरा, जिरू द्या. संध्याकाळी पुन्हा भरा आणि झोपा. सकाळी खड्डा कोरडा असेल तर कडुनिंबाला जागा चालेल. पाणी तसंच साचलेलं असेल तर वेखंडाचा विचार करा. परीक्षा पहिले एकदोन चांगले पाऊस झाल्यावर घेतली तर जास्त खरी, कारण उन्हाळ्यात भेगाळलेली काळी माती कितीही पाणी पिते आणि ऑगस्टमध्ये तीच जमीन घोट घेत नाही.

वेखंड

हे दलदलीतलं रोप. ओढ्याकाठी, पाणथळ जागी, बांधाच्या चिखलात वाढणारं. तलवारीसारखी उभी पानं, दोन-तीन फूट उंच, आणि चिखलात आडवा पसरत जाणारा गाठाळ कंद. आपण ज्याला वेखंड म्हणून उगाळतो तो हाच कंद, वाळवलेला.

बाजारात पाणकणसाची कोवळी रोपंही वेखंड म्हणून खपवली जातात, तेव्हा ओळख पटवून घ्या. पान उजेडात धरा: मधली शीर नेमकी मध्यावर नसते, एका बाजूला सरकलेली असते, आणि पानाची एक कड बऱ्याचदा चुणीदार दिसते. मग पान चुरगाळा. लहानपणीची बाळगुटी आठवली तर ते वेखंड. पाणकणसाच्या पानाला असा वास नसतो. फूल बघून ओळखू म्हणाल तर ते क्वचितच येतं: पानासारख्याच दांड्याच्या कडेला तिरकं निघालेलं, करंगळीएवढं हिरवट कणीस. आमच्याकडेही वर्षात दोन-चार दिसली तर दिसली.

लावायचं कंदाच्या तुकड्यावरून. तुकड्याला एक तरी डोळा हवा. जून-जुलैत, एकेक फूट अंतरावर, चिखलात दोन बोटं खोल दाबा. वर दोन-तीन इंच पाणी साचलं तरी चालतं, पण कोंब पूर्ण बुडू देऊ नका. ऊन हवं, थोडी सावली सोसतं. एक पावसाळा गेला की कोपरा भरून येतो. त्याला मारायचं असेल तर एकच उपाय, एप्रिलमध्ये पाणी तोडा. आधी टोकं करपतात, मग अख्खी पात पिवळी पडते.

न्हाणीघराचं किंवा कपडे धुण्याच्या मशीनचं पाणी त्याला चालतं. ब्लीचचं आणि फिनेलचं नको. स्वयंपाकघरातलं तेलकट पाणी वाळू-खडीच्या छोट्या गाळणखड्ड्यातून आणा. संडासाचं पाणी तर मुळीच नाही. आणि वेखंड लावलं म्हणजे पाणी शुद्ध झालं, असंही समजू नका. ओल मुरवणारा हिरवा कोपरा होतो, एवढंच आम्ही छातीठोकपणे सांगतो.

डासांचं लोक हमखास विचारतात, आणि विचारायलाच हवं. अंड्यापासून डास उडायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, त्यामुळे उघडं पाणी एवढा काळ तसंच राहिलं की कोपरा तापदायक ठरतो. दोन वाटा आहेत. चिखलावर चार बोटं खडी पसरा आणि पाणी खडीच्या खालीच ठेवा. नाहीतर पाणी उघडं ठेवून त्यात गप्पी मासे सोडा. आम्हाला खडी बरी वाटते. मासे मांजर खाते, आणि साबणाचं पाणी येत असेल तर मासे टिकतही नाहीत.

एक सूचना गंभीरपणे. वेखंड घरचं आहे म्हणून कंद उकरून मुलांना चाटवू नका. त्यात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं, आणि त्याच कारणानं अमेरिकेनं 1968 साली ते खाण्याच्या पदार्थांत वापरायला बंदी घातली. पोटात घ्यायचं औषध म्हणून काय करायचं ते वैद्यांना विचारा. आम्ही बागेपुरतं विकतो.

कडुनिंब

याच्याबद्दल नवीन काय सांगायचं? हजसाठी जमणाऱ्या लोकांना सावली मिळावी म्हणून मक्केजवळच्या अराफातच्या मैदानात हजारो कडुनिंब लावलेले आहेत, तसल्या उन्हात तो तगतो. कोरड्याला हा घाबरत नाही. मुळांशी साचलेलं पाणी मात्र त्याला सोसत नाही, विशेषतः रोप लहान असताना.

कुठं लावायचा, हा खरा प्रश्न. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, पुण्यात तर मेच्या मध्यात एक दिवस दुपारी उभ्या काठीची सावलीसुद्धा पडत नाही. त्या वेळी झाडाची सावली झाडाखालीच राहते, घराला तिचा उपयोग नाही. घर तापतं ते तीन ते सहाच्या तिरक्या उन्हानं. म्हणून झाड पश्चिमेला, भिंतीपासून किमान पंधरा फूट लांब. जमिनीतली टाकी, ड्रेनेजचा पाइप आणि शेजाऱ्याचं कुंपण यांपासूनही तेवढंच. पन्नास फुटांपर्यंत जाऊ शकणारं झाड आहे, विजेच्या तारेखाली लावून दर वर्षी त्याचं मुंडण करण्यात अर्थ नाही.

दोन फुटी चौरस खड्डा, तेवढाच खोल. शेणखत, माती, थोडा मुरूम. काळी माती असेल तर खड्ड्याऐवजी फूटभर उंचवटा करून त्यावर लावा. पिशवी पूर्ण फाडा. तळाशी मूळ गोल गुंडाळलं असेल तर गुंडाळी सोडवा किंवा कापा, नाहीतर चार वर्षांनी वादळात झाड कलतं आणि दोष वाऱ्याला जातो. आळं खोडाला चिकटून नको, हातभर लांबून. दोन उन्हाळे पाणी घाला, पुढं त्याचं तो बघतो.

खुर्ची टाकण्याइतकी सावली मिळायला पाच-सहा वर्षं धरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ, लगेच तांबूस पालवी, मग मधाच्या वासाचा बारीक पांढरा मोहोर, आणि पावसाच्या सुरुवातीला लिंबोळ्यांचा सडा. लिंबोळ्या पायाखाली चिकटतात, गाडीच्या टपावर डाग पडतात. हे आधीच सांगतो, नंतर तक्रार नको. पावसाळ्यात शेंडे तपकिरी होऊन वाळलेले दिसले तर लगेच कुऱ्हाड काढू नका. वाळका भाग छाटून जाळा आणि नव्या पालवीपर्यंत थांबा, बहुतेक झाडं पुन्हा फुटतात.

बकाणनिंब वेगळा. त्याचं पान दुहेरी फाटलेलं असतं, फुलं जांभळट येतात, फळं विषारी असतात. घरात लहान मूल असेल तर तो घेऊ नका, आम्ही ठेवतही नाही.

आणि नगरपालिका किंवा महापालिका हद्दीत राहत असाल तर लक्षात असू द्या, 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाड तोडायला परवानगी लागते, ते तुमच्याच अंगणात असलं तरी. जागा लावतानाच नीट ठरवा.

दोन्ही हवीत?

लावा, पण मध्ये पंधरा-वीस फूट सोडा. जवळ लावलं तर निंबाची पानं खडीत जाऊन कुजतात, आणि झाड मोठं झालं की त्याची मुळं वेखंडाचं पाणी पळवतात. ओल्या जागी सावलीच हवी असेल तर तामण किंवा अर्जुन विचारा. दोन्ही नदी-ओढ्याकाठची झाडं आहेत, पावसाळ्यातली ओल त्यांना मानवते.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर कडुनिंब विसरा. वेखंड मात्र भोक नसलेल्या टबात छान येतं. अर्धा टब माती, वर दोन इंच पाणी, त्यावर खडी. ऊन येणारी गॅलरी हवी.

रोप लावल्यापासून दोन महिन्यांत मेलं तर फोटो दाखवा, बदलून देतो. पण फोटोत कडुनिंबाच्या बुडाशी बेडूक दिसला तर नाही. वेखंडाचे गड्डे जूनच्या मध्यापासून काढतो, येताना झाकणाची बादली आणा. पिशवीतून चिखल गळतो आणि गाडीच्या सीटला त्याचा वास चांगला आठवडाभर राहतो.