गाढव : स्वभाव आणि वागणूक

गाढव (मादी गाढवीण, पिल्लू शिंगरू) हा घोड्याच्या कुळातला पाळीव प्राणी. ईशान्य आफ्रिकेतल्या रानगाढवापासून तो साधारण ७००० वर्षांपूर्वी माणसाळला, आणि त्याचा स्वभाव कळायचा तर हे मूळ ठिकाण आधी लक्षात घ्यायला हवं, कारण तिकडे खडकाळ वाळवंट, चारापाणी विरळ, त्यामुळे घोड्यांसारखे मोठे कळप जमत नाहीत आणि नर लांबलांब आपापला इलाखा धरून राहतात. म्हणूनच ओरडणं एवढं मोठं. श्वास आत घेताना आणि बाहेर सोडताना दोन्ही वेळा आवाज निघतो, मोकळ्या रानात तो दोन-तीन किलोमीटरवर जातो. लांब कान पण तिथलेच, दूरचं ऐकायला आणि अंगातली उष्णता बाहेर टाकायला.

सगळ्यात जास्त बदनामी झालीय ती अडून बसण्याची. घोडा बिचकला की पळत सुटतो, पण खडकाळ रानात अंदाधुंद पळणं म्हणजे पाय मोडणं, त्यामुळे गाढव जागीच थांबतं, बघतं, हुंगतं आणि खात्री पटल्यावरच पुढे जातं. याला हट्ट म्हणणं मला अजिबात पटत नाही, ही सावधगिरी आहे. पुण्यात कसब्याच्या एका बोळात, जिथे टेम्पो शिरत नाही, वाळूच्या गोण्या घेऊन पाच गाढवं चालली होती आणि पुढचं एकदम थांबलं, समोर गटारावर नवीन चकचकीत लोखंडी जाळी. कान पुढे, मान खाली, नाकातून फुस्स. मागच्या पोराने दोन फटके दिले तर पाय अजूनच रोवले. मग म्हाताऱ्या मालकाने पोराला थांबवलं, मूठभर वाळू जाळीवर टाकली, स्वतः वर उभा राहिला, गाढवाने हुंगलं, एक खूर टेकवून पाहिला आणि मग पाचही निमूट पार.

गुळाच्या चवीची म्हण तर सरळ चुकीची आहे. पाण्याच्या बाबतीत गाढव फार चोखंदळ असतं, तहान लागलेली असली तरी घाण पाणी टाळतं.

पुण्याच्या इतिहासात गाढव आलंय ते अपमान म्हणून. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं उद्ध्वस्त करून गाढवाचा नांगर फिरवला असं सांगतात, नंतर जिजाऊंनी सोन्याच्या नांगराने ती जमीन पुन्हा वसती केली. शिलाहार राजांच्या काळापासूनच्या गधेगाळ शिळांवरही (दिलेलं दान मोडणाऱ्याला शाप देणारे दगड) शाप म्हणून गाढवच कोरलेलं. या सगळ्यात त्या जनावराचा काय दोष?

सोबतीची ओढ मात्र विलक्षण. दोन गाढवांची जोडी जमते, एकमेकांची मान खाजवतात, धुळीत शेजारीशेजारी लोळतात, आणि जोडीदार गेला तर दुसरं खाणंच सोडतं. हे फार धोक्याचं असतं, कारण गाढव उपाशी राहिलं की अंगातली चरबी रक्तात उतरते आणि त्यात जीवही जातो. म्हणून आजारी गाढवाला दवाखान्यात नेताना जोडीदाराला बरोबर न्यावं. दुखणं पण ते दाखवत नाही, लंगडायला लागलं म्हणजे दुखणं बरंच पुढे गेलंय असं समजायचं. केस घोड्याइतके पाणी झटकत नाहीत, पुण्याच्या पावसात आडोसा हवाच.

पुण्याजवळ जेजुरीला पौष पौर्णिमेला गाढवांचा मोठा बाजार भरतो, गुजरातेतूनही जनावरं येतात, वैदू, कैकाडी, बेलदार, कुंभार, वडार मंडळी खरेदीला असतात. वय दातांवरून ठरतं, दुवान म्हणजे दोन दातांचं, चौवान म्हणजे चार. देशातली गाढवं मात्र झपाट्याने घटली, २०१२ च्या पशुगणनेत सुमारे ३.२ लाख होती ती २०१९ ला सुमारे १.२ लाखांवर आली, त्यामुळे बाजारही आटतोय. तिथे गाढव घेताना दात तर बघावेतच, पण ते गाढव सकाळपासून कुणाला चिकटून उभं आहे तेही बघावं, आणि जमलं तर दोघंही घ्यावीत.