एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स: सामायिक फाइली बिघडतात त्या का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. जुना लॅपटॉप टाकून न देता विंडोजशेजारी उबुंटू किंवा मिंट ही लिनक्सची रूपं बसवायचा मार्ग त्यामुळे अनेकांनी धरला, आणि तो चांगला मार्ग आहे. पण त्याबरोबर एक जुनी तक्रारही पुन्हा ऐकू येऊ लागली: ‘लिनक्समधून फोटो कॉपी केले, विंडोजमध्ये गेलो तर ते गायब. लिनक्सने डिस्क खराब केली.’ बहुतेक वेळा दोष लिनक्सचा नसतो, डिस्कचाही नसतो. विंडोज बंद झालेलंच नसतं.

विंडोज ८पासून, म्हणजे २०१२पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असताना ‘शट डाउन’ केलं की उघडे प्रोग्रॅम बंद होतात, वापरणारा लॉग आउट होतो, पण विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल आणि ड्रायव्हर, बंद होत नाही. मेमरीतली त्याची स्थिती जशीच्या तशी ‘सी’ ड्राइव्हवरच्या ‘हायबरफिल.सिस’ या फाइलमध्ये उतरवली जाते आणि मग वीज तोडली जाते. पुढच्या वेळी ती फाइल वाचून गाभा तिथूनच पुढे सुरू होतो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडून ‘अप टाइम’ पाहा. रोज रात्री शट डाउन करूनही तिथे कित्येक दिवस मोजलेले दिसतील. ‘रिस्टार्ट’ मात्र सगळं खरोखर बंद करून नव्याने सुरू करतं. म्हणजे डिस्कच्या दृष्टीने रिस्टार्ट हे शट डाउनपेक्षा पूर्ण आहे. समज नेमका उलटा असतो.

आता बिघाड कसा होतो ते नीट पाहू, कारण सगळी मेख इथे आहे. विंडोजची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, एनटीएफएस. ती डिस्कचे साधारणपणे ४०९६ बाइटचे तुकडे पाडते, त्यांना क्लस्टर म्हणतात. ५०० जीबीच्या विभागात (पार्टिशनमध्ये) असे सुमारे १२ कोटी क्लस्टर होतात. कुठला क्लस्टर भरलेला आणि कुठला रिकामा, याचा हिशोब ‘बिटमॅप’ ठेवतो: प्रत्येक क्लस्टरला एक बिट, म्हणजे एवढ्या विभागाला जेमतेम १५ एमबी. दुसरी नोंदवही ‘एमएफटी’. तिच्यात प्रत्येक फाइलला सहसा १०२४ बाइटची नोंद असते: नाव, आकार, आणि मजकूर कुठल्या क्लस्टरांत आहे. फाइल अगदी छोटी असेल, काहीशे बाइटची, तर मजकूरही त्या नोंदीतच मावतो.

चालू विंडोज या दोन्ही नोंदवह्यांचे लागणारे भाग मेमरीत ठेवतं आणि डिस्कवरचा मजकूर आपल्याशिवाय कोणी बदलत नाही असं धरून चालतं. चालू असताना ते धरणं योग्यच. पण फास्ट स्टार्टअपमध्ये हीच मेमरी गोठवली जाते. समजा, दरम्यान लिनक्सने एक फोटो रिकाम्या क्लस्टरांत लिहिला आणि डिस्कवरचा बिटमॅप व एमएफटी बरोबर बदलले. विंडोज जागं होतं तेव्हा त्याच्या मेमरीत जुना बिटमॅप असतो, त्यात ते क्लस्टर अजून रिकामेच. मग ते तिथे स्वतःचं काहीतरी लिहितं, किंवा जुनी नोंद नव्या नोंदीवर उतरवतं. फेरफार झाल्यानंतरही जुन्या सातबाऱ्यावर जमीन विकावी, तसा हा प्रकार. पुढे विंडोजचं ‘चेकडिस्क’ हे डिस्क तपासणारं साधन चालतं, जुळत नाही ते बाजूला काढतं, आणि ‘फाउंड.०००’ नावाच्या फोल्डरमध्ये नाव हरवलेले तुकडे सापडतात.

एनटीएफएस वाचणारे लिनक्सचे ड्रायव्हर हे ओळखतात. २००७ साली स्थिर आवृत्ती आलेला एनटीएफएस-३जी ‘हायबरफिल’ची खूण आणि एनटीएफएसचं जर्नल (बदलांची नोंद) तपासतो, शंका आली तर विभाग माउंट करायला, म्हणजे जोडायला, नकार देतो किंवा फक्त वाचू देतो. लिनक्स ५.१५मध्ये आलेला एनटीएफएस३ हा ड्रायव्हरही ‘डर्टी’ (नीट बंद न झालेला) अशी खूण असलेला विभाग जबरदस्तीशिवाय उघडत नाही. हा नकार म्हणजे अडथळा नाही, संरक्षण आहे. ‘फोर्स’ पर्याय देऊन किंवा हायबरनेशनची फाइल उडवून पुढे जाण्याचे सल्ले व्हिडिओंमध्ये सर्रास दिले जातात. ते पाळू नका. ‘एनटीएफएसफिक्स’ हेही चेकडिस्क नव्हे. ते काही ढोबळ विसंगती दुरुस्त करतं, जर्नल रिकामं करतं आणि खरी तपासणी विंडोजवर सोपवतं. आणि ‘एका क्लिकमध्ये डिस्क दुरुस्त’ म्हणणाऱ्या विकतच्या सॉफ्टवेअरना दुसऱ्या फाइलने व्यापलेल्या क्लस्टरमधला जुना मजकूर परत आणता येत नाही. तो तिथे उरलेलाच नसतो.

उपाय विंडोजमध्येच आहे. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, मग ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’, आणि ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’समोरची खूण काढा. मोठ्या अपडेटनंतर ती परत आली नाही ना, हे बघत जा. एकदाच हवं असेल तर शिफ्ट दाबून शट डाउन करा. नियम उलट दिशेलाही लागू आहे: लिनक्स हायबरनेट करून, म्हणजे त्याची मेमरी डिस्कवर गोठवून, विंडोज सुरू केलं, तर तोच धोका.

सामायिक फाइलींसाठी ‘सी’ वापरू नका. डिस्क मॅनेजमेंटमधून ‘सी’ लहान करून वेगळा एनटीएफएस विभाग करा. लिनक्समध्ये ‘डिस्क्स’ हे ॲप उघडून ‘एडिट माउंट ऑप्शन्स’मधून तो ठरलेल्या फोल्डरवर जोडा. पर्यायांत ‘नोफेल’ ठेवा, म्हणजे विभाग उघडला नाही तरी लिनक्स सुरू होताना अडणार नाही. कागदपत्रं, फोटो, गाणी इथे ठेवा. लिनक्सचं अख्खं ‘होम’ (वापरणाऱ्याचं स्वतःचं फोल्डर) नको, त्याला लागणाऱ्या परवानग्या इथे नीट टिकत नाहीत. एनटीएफएसऐवजी दुसरी फाइल सिस्टिम घेतली तर? फॅट३२मध्ये फाइलचा आकार ३२ बिटांत लिहिला जातो, म्हणून ४ जीबीची मर्यादा येते. एक्सफॅटला ती मर्यादा नाही, पण जर्नलही नाही. वीज गेली तर सावरणं कठीण. तो पेन ड्राइव्हला ठीक. विभाग बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीने) बंद असेल तर रिकव्हरी की आधी जपून ठेवा, ती किंवा विभागाचा पासवर्ड नसेल तर लिनक्सला तो उघडता येणार नाही.

मराठी नावांच्या फाइलींची एक वेगळी अडचण आहे. एनटीएफएसमध्ये नाव २५५ अक्षर-एककांचं चालतं, लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये २५५ बाइटचं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्ह, काना, मात्रा, हलन्तासकट, ३ बाइट घेतं. म्हणजे जास्तीत जास्त ८५ चिन्हं. शासन निर्णयांच्या पीडीएफना विषयाचं पूर्ण वाक्य नाव म्हणून दिलेलं असलं, तर अशी फाइल विंडोजमध्ये नीट राहते आणि लिनक्सच्या विभागात कॉपी करताना ‘फाइल नेम टू लाँग’ येतं. डिस्क ठणठणीत असते, नाव तेवढं लहान करावं लागतं. उलट, लिनक्समध्ये ‘सभा १०:३०’ असं नाव दिलं तर कोलनमुळे विंडोजला ती फाइल उघडता येत नाही. माउंट पर्यायांत ‘विंडोज_नेम्स’ लिहिलं की लिनक्स असं नाव मुळात स्वीकारतच नाही.